हाकेला ओ

तांबवणीत दर खांबावर एक भोंगा आहे आणि दर भोंग्यात दुर्वाची आई आहे.

म्हणजे तशी ती बसते ग्रामपंचायतीच्या माडीवर, पूरकक्षात, नदीचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यांसमोर. पण सकाळ-दुपार तिनं माइक सुरू केला की आवाज एकदम साऱ्या गल्ल्यांतून निघतो. "नागरिकांना कळविण्यात येते की..." आणि न्हाव्याचा वस्तरासुद्धा गालावर थबकतो. दहावीतल्या मुलीची आई इतक्या मोठ्यानं, इतक्या ठिकाणी, एकाच वेळी असणं ही काय शिक्षा असते ते दुर्वा कणसेलाच विचारावं. मैदानावर जा, बर्फगोळ्याच्या गाडीपाशी जा, शाळेमागच्या चिंचेखाली गुपितं सांगायला जा. आई आहेच!

मशीनचा आवाज का नाही लावला? लावला होता की. दोन हजार चाळीसच्या महापुरात संगणकाचा गोड, शुद्ध, इस्त्री केलेला आवाज "कृपया सुरक्षित स्थळी जावे" असं तासभर सांगत होता आणि गाव निवांत चहा पीत होतं. सतरा माणसं गेली. मग विद्यापीठातली मंडळी आली, गावकऱ्यांच्या डोक्याला तारा लावून त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे आवाज ऐकवले आणि पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असलेली गोष्ट आलेखावर काढून दाखवली: माणूस ओळखीच्या आवाजाला उठतो. कानाच्या वरच्या अंगाला, मेंदूच्या कडेला, ओळखीच्या प्रत्येक आवाजाचा एक ठसा असतो. आवाज आला, ठशाशी जुळला, की शब्दांचा अर्थ लागायच्याही आधी आत घंटा वाजते, 'अगं बघ, आपलं माणूस बोलतंय!' म्हणून तर लग्नाच्या मांडवातल्या कलकलाटात आपल्याला नेमकी आपल्या आईची हाक कळते. तांबवणीत सगळ्यांच्या ओळखीचा असा एकच आवाज निघाला. प्रणिता कणसे, अंगणवाडीच्या ताई. निम्म्या गावाला त्यांनीच डोसासाठी आणि खिचडीसाठी हाका मारमारून मोठं केलेलं होतं.

तो आवाज एकट्या अण्णांना कळायचा नाही, आणि ते तर तिचे सख्खे सासरे! दुर्वाचे आजोबा समोरासमोर बोललेलं ऐकायचे, पण चार भोंगे एकमेकांवर आदळून घुमले की त्यांच्या कानी नुसतं घूंऽऽ यायचं. यंत्र लावा म्हटलं की उसळायचे, "कानात मशीन घालून हिंडाय मी काय रेडू हाय व्हय?" त्यामुळं कणशांच्या घरात एक रीत पडून गेली होती. भोंगा वाजला की अण्णा विचारणार, "काय म्हनतीया गं सूनबाई?" आणि दुर्वा हातातलं टाकून ओसरीच्या कट्ट्यावर चढणार, लाटणं तोंडाशी धरणार.

"नागरिकांना कळविण्यात येते की, नदी आज शहाण्यासारखी वागत आहे. तरी अण्णा कणसे यांनी तंबाखू कमी खावी!"

"असं म्हनली?"

"शेवटचं माझं."

"मग गावाला कशाला वरडून सांगतीस, मला एकट्याला सांग की!"

घरात ही तिघं आणि चंद्री म्हैस. पप्पा तिकडं कांडल्याच्या बंदरावर क्रेन चालवायचे, दिवाळीला यायचे. आणि घराचा नियम एकच, आईनं घातलेला: हाक आली की ओ द्यायची. न्हाणीत असा, माळ्यावर असा, आधी ओ. "ओ आली नाही की हाक मारणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो," आई म्हणायची.

आता दुर्वाचं दुखणं. दुर्वा गोष्टी लिहायची. आठवीत असताना तिनं स्वित्झर्लंडच्या बर्फात अडकलेल्या एका व्हायोलिनवाल्याची गोष्ट लिहिली आणि तालुक्यात पहिली आली. पदक गळ्यात, पाय जमिनीपासून वीतभर वर! आईनं ओल्या हातांनी कागद नको म्हणून हात पदराला पुसले, चुलीजवळ बसून सगळी गोष्ट वाचली आणि म्हणाली, "छान लिहिलंयस गं. पण दुर्वा, यातलं तू काय पाहिलंयस?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण प्रश्न आत गेला आणि काटा मोडावा तसा मोडून तिथंच राहिला. त्यानंतर दुर्वानं 'समुद्र गर्जत होता' असं लिहायला घेतलं की आतून आवाज, तू पाहिलायस? 'तिच्या काळजात कालवाकालव झाली.' तुझ्या झालीय कधी? बरं, समोरची नदी लिहावी, चंद्री लिहावी, तर ते काय लिहायचं, त्यात काय आहे! दोन वर्षं गेली. एक पान झालं नाही. आणि आता राज्यातल्या शाळकरी लेखकांसाठी शिबिर होतं, गोष्ट पाठवायची मुदत ऑगस्टअखेर, आणि दहावीनंतर दुर्वा वयात बसणार नव्हती. मैत्रिणी विचारायच्या, "काय गं लेखिका, सध्या काय?" दुर्वाला वाटायचं, चिंचेखाली खड्डा खणावा आणि आत बसावं.

शाळेत दर मंगळवारी केतकी मॅडम यायच्या. दारावरच्या पाटीवर नाव 'जीवन-मार्गदर्शक', सगळ्यांच्या तोंडी 'कोच मॅडम'. पिवळाजर्द कुर्ता, आणि बोलणं संपलं की टाळी. कुणाची गणिताची भीती, कुणाचं तोतरेपण, कुणाची स्टेजवर दातखीळ, सगळ्यावर त्यांच्याकडं उपाय होता, आणि खोटं कशाला बोला, लागूही पडायचा. मुलाणींची सायमा, दुर्वाची जिवाची मैत्रीण, पंधरा ऑगस्टला भाषण करताना आधी चक्कर येऊन पडायची. आता तीच सायमा माइक सोडत नव्हती.

"अडलंय ते लिखाण. तू नाही अडलीस!" टाळी. "अगं, आपल्याला आतून जो नाही म्हणतो ना, तो आपला आवाज नसतोच कधी. उसना असतो. कुणाचा ते शोधू."

मग त्यांनी खोक्यातून पट्टी काढली. केसांना लावायच्या बँडसारखी, पांढरी, आतून गार. मनातल्या मनात बोलतानासुद्धा मेंदू आवाजांचे तेच ठसे वापरतो, मॅडम सांगत होत्या. टीका करायची वेळ आली की आत कुणाचा तरी ठसा जागा होतो. लिहिता लिहिता ओळखीचे आवाज ऐकवायचे. जो जुळेल त्याची रेघ पडद्यावर उसळेल.

दुर्वाची खात्रीच होती. देशमाने सर! वहीभर लाल शाई सांडणारे मराठीचे सर. सरांचा आवाज लावला. रेघ ढिम्म. अण्णांचा लावला. रेघ जराशी हसल्यासारखी हलली. मग फोनमधला एक जुना व्हिडिओ लागला, त्यात कुठूनसा मागून आवाज आला, "दुर्वा, डबा घेतलास का?"

रेघ पडद्याबाहेर गेली.

खोलीत कुणीच टाळी वाजवली नाही.

"आई?" दुर्वा म्हणाली. "पण ती काही वाईट नाहीय हो."

"वाईट असायला लागत नाही गं," केतकी मॅडम हळूच म्हणाल्या. मग पुन्हा नेहमीच्या सुरात, "आपण फक्त ठसा आणि घंटा यांच्यातली दोरी थोडी सैल करायची. अगदी बारीक विजेच्या टिचक्या असतात, दुखत नाही. आवाज तुला येईलच. टोचणार नाही, एवढंच."

"मी तिला विसरणार नाही ना?"

"आईला कुणी विसरतं का, वेडे!"

पालकांची संमती लागायची, म्हणून तिथूनच पूरकक्षात फोन लावला. मागं पडद्यांची टिकटिक ऐकू येत होती. "कशासाठी आहे म्हणता?" आईनं विचारलं. लिहिता येण्यासाठी, मॅडम म्हणाल्या. कुणाचा आवाज निघाला ते पालकांना सांगायचं नाही असा त्यांचा नियमच होता. "मग करा की! किती दिवस झाले, पोरगी नुसती खिडकीत बसती. लावते अंगठा." आणि आईनं फोनवर अंगठा लावला. स्वतःच्याच आवाजाची दोरी कापायला.

आणि काय सांगू, दुर्वा लिहायला लागली! तिसऱ्या बैठकीनंतर एका दमात आठ पानं. लंडनच्या पुलावरचं धुकं, धुक्यातली एक निळी छत्री, छत्रीखालची बाई कोण? पेन धावत होतं, शब्द मागून पळत येत होते, 'मला घे, मला घे' म्हणत होते, आणि आत कोण्णी कोण्णी काही विचारत नव्हतं. दुर्वा वर्गात बाकावर उभी राहून सायमाला म्हणाली, "मी सुटले!" आणि देशमाने सरांनी तिला खरोखरच वर्गाबाहेर उभं केलं, तर बाहेर उभ्या उभ्याही ती गोष्टच रचत राहिली.

घरी मात्र एक गंमत व्हायला लागली. सुरुवातीला गंमतच वाटायची.

"दुर्वा, डबा घे. अगं दुर्वा. दुर्वे!"

दुर्वा वेणीला रिबीन बांधत होती. आईनं खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली.

"कानात बोळे घातलेत का गं?"

दुर्वानं आईच्या ओठांकडं बघितलं तेव्हा शब्द लागले. आवाज येत होता, नाही असं नाही. पण पंखा चालू असतो आणि आपण तो ऐकत नसतो, तसं झालं होतं. मेंदूनं आईचा आवाज उचलून पंख्याच्या खणात ठेवला होता. मुद्दाम थांबून, एकेक शब्द वेचून घेतला तर अर्थ लागायचा. पण घंटाच वाजली नाही तर थांबायचं कशासाठी?

भोंग्याचंही तेच. अण्णा विचारायचे, काय म्हनतीया, आणि दुर्वाला घाईघाईनं फोनवर पूरकक्षाची पाटी बघून सांगावं लागायचं. पुढं पुढं तेही कंटाळवाणं झालं. नदी आपली रोज तिथंच. "रोजचंच, अण्णा," ती म्हणू लागली.

"लाटनं घिऊन सांग की."

"आता मोठी झाले मी."

अण्णा मान हलवायचे आणि तंबाखू मळायचे.

एके दिवशी आई तिच्यासमोर येऊन बसली, हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडं वळवलं. "हल्ली तू भांडतसुद्धा नाहीस माझ्याशी. परवा तुझा ड्रेस सायमाच्या बहिणीला देऊन टाकला, एक शब्द नाही. काय झालंय? माझं काही चुकलं का?"

दुर्वाला ओठ वाचून सगळं कळलं. कळलं, पण लागलं नाही. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा बघावा तसं ती आईच्या तोंडाकडं बघत होती.

"काही नाही गं आई. लिहितेय ना, म्हणून."

"एकदा भांड तरी," आई म्हणाली आणि उठून गेली.

तिथं थांबायला हवं होतं. केतकी मॅडमनी सांगितलंही होतं, आता बास, दोरी सैल करायची होती तेवढी झाली. पण गोष्टीचा शेवट येईना आणि दुर्वाला भीती वाटली की तो काटा परत उगवतोय. पावसानं शाळेला सुट्टी जाहीर झाली त्या दिवशी ती मॅडमना म्हणाली, "पट्टी मी कपाटात ठेवते हं," आणि दप्तरात घालून घरी आणली. बटण कुठलं ते तिला पाठ होतं. रोज लिहायच्या आधी थोडं, मग लिहिताना पण.

त्या आठवड्यात नदी फुगली, घाटाच्या पायऱ्या गिळल्या आणि परत उतरली. लख्ख ऊन पडलं. गोठ्यात बांधून बांधून चंद्रीनं डोकं फिरवून घेतलं होतं, म्हणून अण्णांनी सकाळी तिला मळीत नेऊन बांधलं. मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. पाणी उतरलं की तिथं गुडघाभर लुसलुशीत गवत येतं. जेवून परत जायचं आणि तिला आणायचं, असा बेत.

पण वर, घाटात, धरणाच्या डोक्यावर ढग फुटला होता. तांबवणीत पापड वाळत घालावेत असं ऊन, आणि तिकडं धरणाला दारं उघडण्यावाचून इलाज उरला नव्हता.

दुर्वा मधल्या खोलीत पट्टी लावून लिहीत होती. फोन पिठाच्या डब्यात. लिहिताना फोन नजरेआड हा कोच मॅडमचाच धडा. निळ्या छत्रीवालीनं आत्ताच मागं वळून बघितलं होतं! शेवट अगदी दोन बोटांवर आला होता. भोंगा वाजायला लागला. शेजारणीनं मिक्सर लावावा, तसं काहीतरी.

अण्णा चूळ भरून, तोंड पुसत दारात आले.

"काय म्हनतीया गं सूनबाई?"

दुर्वानं मान वर केली नाही. "रोजचंच, अण्णा."

"पानी उतरलं म्हन की."

"हं."

"मग चंद्रीला घिऊन येतो सावकाश. येताना पेरू आनू का तुला? बांधावरचं?"

"हं."

काठीचा आवाज ओसरीवरून अंगणात गेला, अंगणातून मागच्या परसात. मळीची जवळची वाट मागून होती, उसाच्या कडेनं. गाव तेव्हा पुढच्या रस्त्यानं शाळेच्या टेकाडाकडं निघालं होतं, पोरंबाळं, गाठोडी, कोंबड्यांची खुराडी घेऊन. मागच्या वाटेनं चाललेला म्हातारा कुणालाच दिसला नाही.

एकीला दिसला. पूरकक्षात एक पडदा मळीच्या वाटेवरच्या कॅमेऱ्याचा होता.

बाईची छत्री पुलावरून खाली पडली, धुक्यात निळा ठिपका होऊन वाहत गेला. समाप्त. दुर्वानं डब्यातून फोन काढला, पिठाच्या बोटांनीच पानांचे फोटो काढून शिबिराला पाठवले, आणि खरं सांगायचं तर नाचली ती. एकटीच. पलंगावर चढून!

तेवढ्यात दार धाडधाड वाजायला लागलं. सायमा. केस सुटलेले, एका पायात चप्पल.

"बहिरी झालीस का गं? चल! पाणी मारुतीपर्यंत आलंय! तुझे आजोबा कुठायत?"

"चंद्रीला आणायला गेलेत. मळीत. का?"

सायमानं तिचा दंड धरून तिला ओढत बाहेर काढलं. गल्ली रिकामी होती. गटारांतून उलटं पाणी येत होतं, त्यावर कुणाचा तरी पाट तरंगत होता. दर खांबावरून आवाज येत होता, एकसारखा, चढलेला, फाटलेला. दुर्वाला येत होता तो. पंख्याच्या खणातून.

"सायमा," ती पळता पळता म्हणाली, "काय म्हणतेय गं आई?"

सायमा रडायलाच लागली. "तुझं नाव घेतेय! कधीची नुसतं तुझं नाव घेतेय! 'दुर्वा, अण्णांना मळीत जाऊ देऊ नको. दुर्वा, ऐकतेस ना बाळा, ओ दे.' अख्ख्या गावानं ऐकलं, दुर्वा!"

दुर्वा खांबाखाली थांबली. वर बघितलं. करड्या रंगाचं कर्णा असलेलं साधं यंत्र, त्यावर कावळ्यानं घाण केलेली. त्यातून काहीतरी निघत होतं, आणि तिच्या आत काहीएक हलत नव्हतं.

संध्याकाळच्या आत चंद्री एकटीच शाळेच्या उतारावर आली, पोहून, नाकाडभर चिखल, गळ्यातलं दावं मागं फरफटत. पाणी ओसरल्यावर अण्णाही सापडले, बाभळबनात. पोरांनी चंद्रीचं दावं नीट पाहिलं होतं. ते तुटलेलं नव्हतं. खुंटीची गाठ सोडलेली होती.

गावानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला. "कानात ती बोंडकं घालून बसली असंल. आजकालची पोरं." आईनं काहीच विचारलं नाही. तिचा घसा बसला होता, आणि ती दिवसभर भिंतींवरचा गाळ खरवडत असायची. पप्पा आले, दहावं-तेरावं झालं, पप्पा गेले. अशा वेळी फोनवर निरोप आला. शिबिरासाठी निवड. परीक्षकांचा शेराही होता: 'ओघवती शैली.' दुर्वानं तो निरोप पुसून टाकला आणि ओसरीवर गाळ खरवडणाऱ्या आईजवळ जाऊन बसली.

मग तिनं सगळं सांगितलं. पट्टी, पडद्याबाहेर गेलेली रेघ, पंख्याचा खण, रोजचंच, हं. स्वतःचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता, तेवढाच काय तो. आईचे ओठ हलले. पण ते थरथरत होते, वाचता येईनात.

"आई, परत सांग. मला नाही कळत."

आईनं हात पदराला पुसले, तसेच, त्या दिवशी गोष्ट वाचायच्या आधी पुसले होते तसे. फोन घेतला, एका बोटानं लिहिलं आणि समोर धरला.

'अंगठा मीच लावला होता ना?'

केतकी मॅडम घरी आल्या त्या फिकट साडीत. सगळं बोलणं झालं तरी हात मांडीवरच राहिले. त्या म्हणाल्या, दोरी परत बांधता येते, पण विजेनं नाही. तो आवाजच पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, आणि त्यात जीव ओतलेला असावा लागतो, जितका जास्त तितकं बरं. मग आई आणि मुलीनं बारशाचे व्हिडिओ लावले, अंगाई लावली, दुर्वा पहिल्यांदा पडली तेव्हाची आईची किंकाळी लावली. पंखा. पंखा. नुसता पंखा.

"याहून जास्त जीव कशात असणार?" मॅडम पुटपुटल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय विचारलं ते. त्यांनी मान खाली घातली.

पूरकक्षात भोंग्यावरचं सगळं बोलणं साठवून ठेवतात. तसा नियमच आहे.

आईनंच आणलं त्या दिवसाचं बोलणं. दुर्वा नको म्हणाली असती तर तिनं लावलं नसतं. एक दिवस, दुपारची वेळ, ओसरीच्या त्याच कट्ट्यावर दोघी बसल्या. खाली चंद्री रवंथ करत होती. मधे फोन. आईनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि बटण दाबलं.

घूंऽऽ. दुर्वाला एकदम वाटलं, अण्णांना असंच ऐकू येत असणार. पहिल्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशीही. आई रोज कामावरून यायची, हातपाय धुवायची, आणि दोघी बसायच्या. दुर्वा ऐकायची, आई दुर्वाच्या चेहऱ्याकडं बघायची. आपलीच ती दुपार आईला रोज पहिल्यापासून ऐकावी लागत होती, आणि तिच्या आतल्या घंटेची दोरी कुणी सैल केलेली नव्हती.

दसरा झाला. दुर्वा लिहीत नव्हती. आत कोणी काही विचारत नव्हतं. एवढी शांतता होती तिथं की तिला स्वतःचीच भीती वाटायची.

आणि मग एका दुपारी, त्या घूंऽऽमधून, शब्द नव्हे, शब्दांच्या मधलं काहीतरी सुटून आलं. एक आवंढा. माइकच्या अगदी जवळ गिळलेला. दुर्वाच्या हातावर काटा आला. हा आवंढा तिच्या ओळखीचा होता. पप्पांना गाडीत बसवून परतताना आई गिळायची, तोच.

त्याच्या मागोमाग, मागून कुणी हाक मारावी तसं, "दुर्वा!"

मनाला कळायच्या आधी मान वळली. अंगणाकडं, परसाकडं, जिथून काठीचा आवाज गेला होता तिकडं. आणि तोंडातून आपसूक, लहानपणापासूनच्या सवयीनं, मोठ्यांदा निघालं,

"ओऽऽ!"

परसदार उघडंच होतं. आई शेजारी बसली होती, तोंड मिटून. फोनमधून आई अजून हाका मारत होती.

"ओ, आई," दुर्वा म्हणाली. "ओ. ओ. ओ."